चौदा फुटांवरचं पाणी

करंगळी पाण्यात बुडवायची, जिभेच्या टोकाला लावायची, नजर समुद्राकडे ठेवून क्षणभर थांबायचं, मग डावीकडे थुंकायचं आणि एकच शब्द बोलायचा. "हाय" किंवा "नाय". हाय म्हणजे पाणी पिण्याचं. नाय म्हणजे भांडी घासा, जाळी धुवा, काय वाटेल ते करा, पण पोराच्या तोंडाला लावू नका. बरं आहे, चालेल, उकळून घ्या, असलं मधलं काही तिच्याजवळ नव्हतं.

तिला मी पहिल्यांदा पाहिलं तो दिवस, रक्कम आणि हजर माणसं माझ्या वहीत लिहिलेली आहेत. १९६३ सालची अक्षय्य तृतीया. लोकवर्गणी रुपये सातशे पन्नास. हजर सरपंच, पाड्यातले बावीस पुरुष आणि मी. बाई एकही नाही. म्हणजे सभा सुरू झाली तेव्हा नव्हती.

मी तेव्हा पालघरच्या कचेरीत नोकरीला होतो. तालुक्यातल्या पिण्याच्या पाण्याच्या विहिरी माझ्याकडे होत्या. अंदाजपत्रक बघायचं, टेप लावून मोजमाप घ्यायचं, दाखला लिहायचा, बिल पुढे पाठवायचं. हा पाडा नवापूरच्या बाजूला, अगदी समुद्राला लागून. नाव लिहीत नाही, कारण पुढे जे झालं त्यात पाड्याचा काही दोष नाही. ऐंशी-नव्वद घरं, सगळी मासेमारीवर जगणारी. चारी बाजूंना पाणी आणि प्यायला थेंब नाही. घरामागची डबकी मचूळ. गोडं पाणी खाजणापलीकडे, म्हणजे भरतीच्या खाऱ्या चिखलाच्या पट्ट्यापलीकडे, एका शेतातल्या विहिरीला. अंतर दीड मैल. सरकारने विहीर मंजूर केली होती, खर्च तीन हजार. त्यातला चौथा हिस्सा लोकांनी द्यायचा, तर काम सुरू व्हायचं.

मी हे सगळं समजावून सांगत होतो. कागदावर अंगठे उठत होते. तेवढ्यात देवळाच्या पायरीशी एक म्हातारी येऊन उभी राहिली. डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी. लुगड्याचा काचा गुडघ्यापर्यंत, पायाला खाजणाचा काळा चिखल सुकलेला. तिने हंडा उतरवला नाही. तसंच उभ्याने विचारलं, "काय चाललाय?"

"विहिरीची सभा आहे, बय," सरपंच म्हणाले. "तू जा घरी."

"आज कसला दीस हाय?"

"अक्षय्य तृतीया."

"हां. म्हनून आज तीन घरांसाठी पानी आनलं मी. मेलेल्यांच्या नावानं घडे भरायचे हायत ना." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "भाऊसाहेब, मेलेल्यांना वर्साला एक घडा मिळतो. जित्यांचं काय?"

तुम्हाला ठाऊकच आहे, या दिवशी घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याचा घडा भरून कुणाला तरी दान द्यायची रीत आहे. पालघरला माझ्या घरीही त्या सकाळी वडिलांच्या नावाचा घडा भरला होता. आमच्या परसातल्या विहिरीतून, चार पावलांवरून. मी तिचं नाव वर्गणीदारांत लिहून घेतलं. तीन रुपये.

भाद्रपदात वर्गणी गोळा करायला गेलो तर तिने तीन रुपयांऐवजी सुक्या बोंबलांची एक जुडी माझ्या पुढ्यात ठेवली.

"आजी, याची पावती कशी करू? रकमेच्या रकान्यात बोंबील लिहिता येत नाहीत."

"का? बोंबील काय पैशे नाय? चिंचनीच्या बाजारात जा नि बघ."

"मग तुम्हीच जा, विका आणि पैसे द्या."

"मी बाजारात गेले तर पानी कोन आनील? तू आनतो?"

मी माझ्या खिशातले तीन रुपये भरले, पावती केली आणि बोंबील घरी आणले. आमच्या घरात मासे शिजत नाहीत. बायकोने ती जुडी दोन बोटांनी धरून परसात टांगली आणि आठ दिवस माझ्याशी नाकाला पदर लावून बोलली. शेवटी शेजारच्यांनी ते बोंबील नेले. पण 'बोंबीलवाल्या आजी' हे नाव आमच्या घरात तेव्हापासून रुळलं.

पाड्यात तिचा दरारा होता, आणि तो तिच्या जिभेमुळे. बोलण्याच्या नव्हे, चवीच्या. कुणाच्याही घरचं पाणी चाखलं की ते कुठल्या विहिरीचं आणि कधी भरलेलं, हे ती सांगायची. एकदा सरपंचांच्या ओटीवर तिने तांब्यात करंगळी घातली आणि म्हणाली, "हां, हाय. पन हे काल सकाळचं. आज तुजी सून गेलीच नाय." सून आत होती. तिने सासूला सांगितलं होतं की मी दोन खेपा केल्या. त्या घरात त्या दिवशी काय झालं ते मला सरपंचांनीच हसत हसत सांगितलं. दीड मैल जायचं, दीड मैल यायचं. एखाद्या दिवशी कोण थकणार नाही?

हिशेब करणं ही माझी खोड आहे. तिच्या तीन खेपा, खेपेला तीन मैल, म्हणजे रोजचे नऊ मैल. त्यातले साडेचार मैल डोक्यावर भरलेला हंडा. मी तिला हा आकडा सांगितला. वाटलं, तिला आश्चर्य वाटेल.

"तू मोज," ती म्हणाली, "मी चालते."

एवढ्या वयात खेपा तीच का करते, हे मला पुढे सरपंचांकडून कळलं. तिच्या सुनेचा गर्भ दोनदा पडला होता. दोन्ही वेळा पाचवा महिना, दोन्ही वेळा खाजणाच्या बांधावर, डोक्यावर हंडा असताना. दुसऱ्यांदा झालं त्या दिवसापासून म्हातारीने सुनेच्या हातून हंड्याखालची चुंबळ काढून घेतली. मुलगा होडीवर. तो समुद्रात गेला की आठ-आठ दिवस येत नसे. आणि पाड्यात पाणी आणणारा पुरुष तोपर्यंत कुणी पाहिला नव्हता. माघात विहिरीला हात घातला तेव्हा सून तिसऱ्यांदा गरोदर होती. म्हातारी रोज पहिली खेप आटोपून खणण्याच्या जागी येऊन बसायची, चुंबळ मांडीवर ठेवून. काही विचारायची नाही. पाटीतून वर येणारी वाळू बघायची.

नऊ फुटांवर पाझर लागला. ठेकेदाराने इंजिन आणलं, पाणी उपसत खाली जायला सुरुवात केली. चौदाव्या फुटाला मी मोजमापाला गेलो तेव्हा तळात वाळूतून पाणी असं येत होतं, जणू कुणी खालून ढकलतं आहे. ठेकेदाराने पोहरा भरून वर काढला. म्हातारी उठली. करंगळी बुडवली, जिभेला लावली, समुद्राकडे पाहिलं, थुंकली.

"हाय," म्हणाली.

मग कधी नव्हे ते तिने दुसऱ्यांदा चाखलं. आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "भाऊसाहेब, आता थांबा. अडीच पुरुस झालं. बास."

विहीर खणणारे लोक खोली पुरुषांत मोजतात. पायापासून डोक्यापर्यंत उभा माणूस म्हणजे एक पुरुष. तिचं मोजमाप माझ्या टेपाशी बरोबर जुळत होतं.

"आजी, तीस फूट जायचं आहे. अजून सोळा राहिले."

"कोन म्हनतो तीस?"

"अंदाजपत्रकात तीस फूट आहे."

"तुजा कागूद पानी पितो?"

मजूर हसले. मीही हसलो. ती हसली नाही. "माज्या बापाच्या गावाला दर्याकाठच्या विहिरी सगळ्या अडीच पुरुस. एकानं हट्टानं चार पुरुस नेली, तो रडला. वरचं पानी पावसाचं हाय. खाली दर्या निजलाय. त्याला उठवू नको."

आता इथे मला माझी बाजू लिहिली पाहिजे, कारण ती त्या वेळी मला खरी वाटत होती. चौदा फुटांवर थांबलो तर बिल चौदा फुटांचं. उरलेले पैसे परत जाणार. तपासणीत पहिला प्रश्न येणार, बाकीचे सोळा फूट कुठे गेले? आणि लोक काय म्हणणार, तेही मला ठाऊक होतं. म्हणणार, कारकुनाने आणि ठेकेदाराने मिळून खाल्ले. माझ्या हाताखालून गेलेल्या कामात एक फूटही कधी कमी भरला नव्हता. त्याचा मला अभिमान होता. ठेकेदाराला तर थांबायला आवडलं असतं. तारापूरकडे मोठं बांधकाम सुरू होत होतं आणि त्याला तिकडे जायची घाई होती. तो म्हणालाही, "साहेब, म्हातारी सांगते तर थांबू या का?" मला वाटलं, हा काम चुकवायला बघतो. मी म्हणालो, "पूर्ण तीस."

दुसऱ्या दिवशी म्हातारी विहिरीच्या तोंडाशी पाय सोडून बसली. पाटी वर काढायला जागाच नाही. सरपंच आले, तिच्या भावकीतले दोघे आले. कुणाचं ऐकेना. शेवटी मी तिच्याशेजारी बसलो आणि म्हणालो, "आजी, कमी खणलं तर वैशाखात आटेल. मग तुम्हीच म्हणाल, सरकारने फसवलं. सूनबाईंसाठी तरी ऐका."

हे वाक्य मी बोललो. सुनेचं नाव मीच मध्ये आणलं. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग चुंबळ उचलली आणि उठली.

विसाव्या फुटाला पाणी गोडंच होतं. मी मुद्दाम तिला बोलावून चाखायला लावलं. "बघा आजी, आहे की नाही?"

"हाय," ती म्हणाली. "निजलेला मानूस कूस बदलायच्या आधी हलतो काय?"

सव्विसाव्या फुटाला काळा खडक आणि त्यातली एक भेग. भेगेतून हाताच्या मनगटाएवढी धार आली. पाड्यातल्या बायापोरांनी एकच गलका केला. तीस फूट झाले त्या दिवशी नारळ फुटला, साखर वाटली. मी टेप सोडला. खोली तीस फूट, व्यास आठ फूट, पाणी अकरा फूट. जागच्या जागी दाखला लिहिला. दाखल्याच्या शेवटी एक ओळ लिहावी लागते, 'पाणी पिण्यास योग्य'. तीही लिहिली. म्हातारीने पोहऱ्यात करंगळी घातली, जिभेला लावली. थुंकली नाही. करंगळी पदराला पुसली आणि काही न बोलता घरी गेली. मी ते पाहिलं होतं. पण सही करून झाली होती.

आठ दिवस लोक त्या विहिरीचं पाणी प्याले. नवव्या दिवशी एका घरी डाळ शिजेना. पंधराव्या दिवशी कुणाच्याच घरी शिजेना. महिन्याने ते पाणी तोंडात धरवत नव्हतं. बायकांनी चुंबळी पुन्हा डोक्यावर घेतल्या आणि खाजणाचा रस्ता धरला. म्हातारीने तो सोडलाच नव्हता. ठेकेदाराचं बिल तोवर पास झालं होतं. पूर्ण तीस फुटांचं.

चैत्रात एके दिवशी दुपारी म्हातारी कचेरीत हजर झाली. बोईसरपर्यंत पायी, तिथून गाडीने पालघर. पदराखालून एक बाटली काढून तिने माझ्या टेबलावर ठेवली.

"भाऊसाहेब, याचा चा करा. सगळ्यांना द्या."

मी शिपायाला खूण केली की राहू दे. पण शिपाई गमत्या होता. त्याने बाटली नेली आणि खरंच चहा केला. दूध फाटलं. तसाच कपात ओतून त्याने तो साहेबांच्या खोलीत नेऊन ठेवला. थोड्या वेळाने साहेब दारात आले. "चहाला काय झालंय रे?"

"चाला काय नाय झालं, सायेब," म्हातारी बसल्या जागेवरून म्हणाली. "आमाला झालंय."

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी तिला खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं. तिचं मागणं अगदी साधं होतं. विहीर बुजवा. पूर्ण नव्हे. तळापासून चिकणमाती घालत, कुटत वर या, चौदा फुटांपर्यंत. दर्याच्या तोंडाला बूच बसेल. मग एक पावसाळा जाऊ द्या. वरचं पाणी परत धरेल.

"आजी," साहेब म्हणाले, "विहीर खणायला सरकार पैसे देतं. बुजवायला देत नाही. आणि हे बघा," त्यांनी माझा दाखला उघडून तिच्यापुढे धरला, जणू तिला वाचता येत होतं, "इथे लिहिलंय, पाणी पिण्यास योग्य."

"कोनी लिवलं?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. तिनेही पाहिलं. "यानं? यानं कुठं चाखलं?"

खरं होतं. मी टेप लावला होता. पाणी तोंडात घेतलं नव्हतं. दाखल्यात खोलीचा रकाना होता, व्यासाचा होता, पाण्याच्या उंचीचा होता. चवीचा नव्हता.

मी तिला घरी जेवायला नेलं. बायकोने पाट मांडला आणि विचारलं, "ह्याच का बोंबीलवाल्या आजी?" म्हातारी पहिल्यांदाच मोकळं हसली. पुढचे दात दोनच होते. जेवण तिने थोडंसं खाल्लं, पण पाणी तीन पेले मागून घेतलं. पहिल्या पेल्यात करंगळी घातली, चाखली आणि बायकोला म्हणाली, "हाय गो बाय, हाय. चार पावलांवर हाय. तुजी सासू पुन्यवान."

"तुमच्या सूनबाई कशा आहेत?" बायकोने विचारलं.

"सातवा लागला. तिला मी उंबऱ्याभाईर सोडत नाय. ह्या येळेला र्‍हायील."

निघताना मला म्हणाली, "बुजव रे बाबा."

मी म्हणालो, "बघतो."

'बघतो' हा शब्द कचेरीत आम्ही दिवसातून वीसदा वापरतो. त्याचा अर्थ काय, हे तुम्हीही कधी ना कधी कुठल्या तरी खिडकीपुढे उभे राहून शिकला असाल. बुजवायचं तर आधी मला लिहून द्यावं लागणार होतं की माझा दाखला चुकीचा होता. तो कागद मी दोनदा लिहायला घेतला. एकदा शाई सांडली म्हणून ठेवला आणि एकदा मार्चअखेरचं राहिलेलं काम आलं म्हणून.

ज्येष्ठाच्या सुरुवातीला दुसऱ्या कामासाठी पाड्यात गेलो तेव्हा सरपंचांनी सांगितलं. म्हातारी गेली, चार दिवस झाले.

सुनेने सगळं सांगितलं. ती दारात बसली होती, नववा महिना. त्या दिवशी म्हातारी दुसरी खेप घेऊन आली, नेहमीपेक्षा उशिरा. खाजणापलीकडच्या विहिरीचा तळ दिसत होता, वाटीवाटीने पाणी भरावं लागत होतं. हंडा आणि कळशी तिने जागेवर ठेवली. "झाकन ठेव गो, माशी पडंल," म्हणाली आणि मेढीच्या खांबाला पाठ टेकून बसली. सुनेला वाटलं, डोळा लागला. तिने झाकण ठेवलं, चुलीवर भात चढवला. भात झाला तेव्हा हाक मारली.

"ते हंड्यातलं पानी आमी दोन दीस पुरवलं," सून म्हणाली. एवढंच म्हणाली. मला बसायला पाट दिला. तांब्याभर पाणीही आणून ठेवलं. ते कुठून आलं, कोणी आणलं, हे माझ्याने विचारवलं नाही. मी ते प्यालो नाही. तसंच ठेवून उठलो. आता वाटतं, तेही चुकलंच. आणलेलं पाणी कुणी तसं ठेवून जातं का?

त्या रात्री मी एकच हिशेब पुन्हा पुन्हा केला. चैत्रात बुजवली असती तरी त्या उन्हाळ्यात ती गोड झाली नसती. तिनेच सांगितलं होतं, एक पावसाळा जावा लागतो. म्हणजे माझ्या 'बघतो'ने तिची एकही खेप वाढली नव्हती. हा हिशेब बरोबर आहे. पण माघात चौदा फुटांवर थांबलो असतो तर फाल्गुन, चैत्र, वैशाख, तीन महिने, नव्वद दिवस, रोजचे नऊ मैल. आठशे दहा. हाही बरोबर आहे.

दुसऱ्या दिवशी मी कागद लिहिला. 'सदर विहिरीचे पाणी खारट आहे. पिण्यास योग्य हा माझा शेरा न चाखता लिहिला होता, तो चुकीचा आहे. तळापासून सोळा फूट चिकणमातीने भरून घेण्याची परवानगी मिळावी.' साहेबांनी तो वाचला, घडी घातली आणि माझ्या हातात परत दिला.

"हा कागद मी पाहिला नाही," ते म्हणाले. "तुमच्यामागे बायकोमुलं आहेत."

परवानगी मिळाली नाही. मनाईही झाली नाही. मी तेवढ्यावर चाललो. चिंचणीच्या दोन गाडीवानांशी बोललो. तळ्याकाठची चिकणमाती, चाळीस गाड्या, गाडीला दोन रुपये. ऐंशी रुपये म्हणजे माझा अर्ध्या महिन्याहून जास्त पगार. बायकोला सांगितलं. तिने डब्यातले वीस रुपये काढून माझ्यासमोर ठेवले आणि म्हणाली, "त्या बोंबलांचे तीन रुपये यात धरू नका. ते त्यांचेच होते."

पाऊस सुरू व्हायला बारा दिवस राहिले होते. पाड्यातले पुरुष होड्या ओढून वर घेऊन रिकामे झाले होते. ते विहिरीत उतरले. माती टाकायची, पायाने तुडवायची, ओंडक्याने कुटायची, वर यायचं, पुन्हा टाकायची. खाऱ्या पाण्याचा उपसा चालूच. सरपंच स्वतः कमरेएवढ्या चिखलात उभे होते. कुणीतरी वरून ओरडलं, "सरपंच, बय बघते हाय हां, नीट तुडवा!" सगळे हसले आणि पुन्हा कुटायला लागले. चौदा फुटांवर मी टेप सोडला. या वेळी मोजमाप पुस्तकात काही लिहिलं नाही. त्याच आठवड्यात तिची सून मोकळी झाली. मुलगी. रडण्याचा आवाज विहिरीपर्यंत आला, असं लोक सांगतात. मी त्या दिवशी नव्हतो.

दिवाळीत पाणी थोडं बरं झालं, असा निरोप आला. मी गेलो नाही. थंडीतलं पाणी सगळ्याच विहिरींना बरं लागतं. खरं काय ते वैशाखात कळणार होतं.

१९६५ सालची अक्षय्य तृतीया. हजर सरपंच, पाड्यातल्या बऱ्याच बाया, म्हातारीची सून, तिच्या कडेवर अकरा महिन्यांची पोर, आणि मी. पोहरा वर आला. कुणीच हात पुढे करेना. सगळ्या सुनेकडे बघत होत्या. तिने पोरीला दुसऱ्या कडेवर घेतलं, करंगळी पाण्यात बुडवली, जिभेला लावली. नजर समुद्राकडे गेली. ही सवय तिला कुणी शिकवली नसेल, घरात रोज बघून आली असेल. ती डावीकडे थुंकली.

"हाय," ती म्हणाली.

कुणी गलका केला नाही. एक बाई डोळ्याला पदर लावून बाजूला झाली. सुनेने नवा मातीचा घडा भरला, वर झाकण ठेवलं, झाकणावर एक आंबा. सासूच्या नावाचा घडा. रिवाजाप्रमाणे तो कुणाला तरी द्यायचा. मला वाटलं, भटजी येतील किंवा भावकीतल्या कुणाला देतील. ती सरळ माझ्यासमोर आली.

"घ्या, भाऊसाहेब."

"मला नको, सूनबाई. माझ्याकडून काय झालंय ते..."

"ते तिला ठाव होतं," ती म्हणाली. "घ्या. हात भरून आलेत माजे."

मी घडा घेतला. बोईसर स्टेशनापर्यंत तो दोन्ही हातांनी छातीशी धरून चालत आलो. कसा धरायचा ते कळत नव्हतं, सदरा पुढून सगळा भिजला. वाटेत दोनदा थांबावं लागलं. अंतर किती, ते या एका वेळी मी मोजलं नाही. घरी बायकोने तो देवाजवळ ठेवला आणि संध्याकाळी आम्ही घरातले सगळे त्यातलं एकेक पेला पाणी प्यालो.

नोंदवहीत ती विहीर अजून तीस फूट आहे. माझ्या हातचा तेवढा एक आकडा खोटा आहे आणि तो मी दुरुस्त करणार नाही.

अखेर दिलेली रक्कम अशी. ठेकेदारास तीस फुटांचं पूर्ण बिल, रुपये तीन हजार. चिंचणीच्या दोघा गाडीवानांस रुपये ऐंशी. त्या म्हातारीस काही नाही. तिच्याकडून मला एक घडा पाणी. पावती दिलेली नाही.